लुट्झ कोणाची, अ‍ॅक्सेल कोणाची?

क्रिकेटविषयी बोलताना ‘सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण’ हा वाद लवकरच कंटाळवाणा होतो. पण ‘स्क्वेअर कट विश्वनाथचा की आणखी कोणाचा’ असा प्रश्न निघाला की जाणकार खुर्ची पुढे ओढून बसतात. गाण्याच्या बाबतीतही तेच. ग्वाल्हेरच्या अष्टांग गायकीचे अभिमानी गवयांचे क्रमांक लावीत बसत नाहीत. ते एकेक अंग घेऊन बोलतात. फिगर स्केटिंगविषयी बोलण्याची पद्धतही हीच असावी, असे आमचे मत आहे. ‘काय डौल आहे!’, ‘जणू हंस!’ यांसारखे उद्गार काढणे सोपे असते; त्यांतून पाहणाऱ्याचा आनंद कळतो, पाहिलेल्या गोष्टीविषयी मात्र काहीच कळत नाही. अमुक उडी अमुक व्यक्तीने सर्वांत चांगली मारली, असे म्हणावयाचे तर ‘चांगली’ म्हणजे काय हे सांगावेच लागते, आणि तेथूनच समीक्षेला आरंभ होतो.

प्रथम माध्यमाविषयी थोडे. स्केटच्या पात्याला खालून लांबीच्या दिशेने खाच असते. त्यामुळे पात्याला दोन धारा होतात, एक आतली व एक बाहेरची. स्केटर एका वेळी एकाच धारेवर झुकलेला असतो. आणि झुकल्यामुळे त्याची वाट कधीही सरळ जात नाही, ती वळते. या कलेतील सारे काही या वक्र रेषेतून निघते. उड्यांची नावेसुद्धा मुख्यतः धारेवरून ठरतात. पाहणाऱ्याला हवेतील फेऱ्या दिसतात आणि तो त्याच मोजतो. वस्तुतः हवेत सहाही उड्या जवळजवळ सारख्याच असतात. त्यांचे वेगळेपण बर्फ सोडण्यापूर्वीच्या क्षणात असते. तेथे लक्ष द्यावयास शिकल्याशिवाय या विषयात मत देण्याचा अधिकार येत नाही, असे आम्ही थोड्या कठोरपणानेच म्हणू. आपल्याकडील बहुतेकांनी हे सारे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिलेले आहे, आणि पडदा उंची व वेग या दोन्ही गोष्टी खातो. धार मात्र सावकाश फिरवलेल्या चित्रणात पडद्यावरही स्वच्छ दिसते.

लुट्झपासून सुरुवात करू. ऑस्ट्रियाच्या आलोइस लुट्झने १९१३ मध्ये ती प्रथम केली. स्केटर पाठमोरा, डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर, लांब वक्राने येतो; उजव्या पायाच्या पात्याचे टोकाचे दाते मागे बर्फात रोवतो आणि ज्या दिशेने वाट वळत होती तिच्या नेमक्या उलट दिशेने फिरत वर जातो. बा. सी. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध व समतोल अशी तत्त्वे सांगितली, त्यांतील विरोधाचे इतके शुद्ध उदाहरण आम्हांला अन्य क्रीडेत आढळलेले नाही. शरीराला हा विरोध नको असतो. म्हणून उडीच्या ऐन क्षणी घोटा आत कलंडतो, बाहेरची धार सुटून आतली लागते, आणि लुट्झ म्हणून सुरू झालेली उडी प्रत्यक्षात फ्लिप होऊन जाते. जाहीर एक, उडी दुसरीच! स्केटिंगच्या जगात या भेसळीला ‘फ्लट्झ’ असे थट्टेचे नावही आहे. मोठमोठ्या विजेत्यांनी ही भेसळ वर्षानुवर्षे चालविली. माओ असादासारख्या असामान्य स्केटरच्या लुट्झवर पंचांनी चुकीच्या धारेची खूण पुनःपुन्हा केली होती.

या उडीत आमचा कौल दक्षिण कोरियाच्या किम यू-ना हिला. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिने दोन्ही कार्यक्रमांची सुरुवात तिहेरी लुट्झ आणि तिला जोडून तिहेरी टो लूप या जोडउडीने केली. ती उडीकडे येते ती वेगाने, आणि तो वेग उडीपूर्वी आवरला जात नाही. बाहेरची धार शेवटपर्यंत टिकते. उडी उंचीइतकीच लांबही जाते, आणि उतरल्यावर पाते पुन्हा वाहू लागते. जणू मध्ये काही घडलेच नाही. पहिल्या उडीतून उतरताना उरलेल्या वेगावर दुसरी उडी उभी राहते. ती ओढून आणलेली वाटत नाही. त्या स्पर्धेत किमला एकूण २२८.५६ गुण मिळाले आणि दुसऱ्या आलेल्या असादाला २०५.५०. या अंतराविषयी आजही वाद घालणारे आहेत, कारण असादाने त्या एकाच स्पर्धेत तीन तिहेरी अ‍ॅक्सेल मारल्या होत्या, आणि स्त्रियांत तसे पूर्वी कोणी केले नव्हते. आम्ही त्या वादात शिरत नाही. एवढेच म्हणतो की किमच्या सुवर्णपदकाच्या मुक्त कार्यक्रमात तिहेरी लूप नव्हती. अंगाअंगाने विचार करणाऱ्यास हे ध्यानात ठेवावे लागते: जिची लुट्झ सर्वोत्तम, तिच्या भात्यात लूप असेलच असे नाही.

पुरुषांमध्ये ब्रायन बॉइटानोचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुढे नेता येत नाही. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकचा हा अमेरिकन विजेता एक हात डोक्यावर उंच धरून तिहेरी लुट्झ मारीत असे. फेऱ्या वेगाने व्हाव्यात म्हणून दोन्ही हात छातीशी घट्ट घ्यावे लागतात, हे पदार्थविज्ञान शाळकरी मुलासही ठाऊक आहे. बॉइटानो तो आधार आपण होऊन सोडून देई. त्या उंचावलेल्या हाताचा अर्थ ‘माझ्याजवळ उंची आहे, घाई नाही’ असा होता. पुढे गुणपद्धतीत अशा हाताला वाढीव गुण मिळू लागले आणि विशेषतः रशियन मुली प्रत्येक उडीत एक किंवा दोन्ही हात वर करू लागल्या. अलंकार सर्वांगावर घातला की तो अलंकार राहत नाही, गणवेश होतो. बॉइटानोचा हात एकदाच वर जात असे, म्हणून तो अजून आठवतो.

आता अ‍ॅक्सेल. नॉर्वेच्या आक्सेल पाउलसेनने १८८२ मध्ये व्हिएन्नात ती केली. सहा उड्यांपैकी हीच एक अशी की स्केटर समोर तोंड करून उडतो. उतरतो मात्र सर्वांप्रमाणे पाठमोराच. त्यामुळे तिहेरी अ‍ॅक्सेल म्हणजे साडेतीन फेऱ्या. समोर पाहत उडावयाचे असल्याने या उडीत एक मानसिक धैर्य लागते, जे इतर उड्यांत झाकले जाते.

येथे आम्हांला तीन नावे दिसतात आणि तिघांची थोरवी तीन प्रकारची आहे. पहिली मिदोरी इतो. जपानची ही स्केटर, उंची पाच फुटांहूनही कमी; १९८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिने तिहेरी अ‍ॅक्सेल मारली आणि हे विजेतेपद मिळविणारी ती आशियातील पहिली ठरली. तिची उडी पाहताना अंतर आणि उंची यांचा हिशेब चुकतो. १९९१ साली म्युनिकमध्ये तर ती एका उडीनंतर कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेतून रिंकच्या बाहेरच गेली आणि क्षणात परत येऊन पुढे स्केटिंग करू लागली. रिंकचा आकार तिच्या शक्तीला पुरत नव्हता, असे गमतीने म्हणता येईल. १९९२ मध्ये आल्बेरव्हिल येथे मुक्त कार्यक्रमातील पहिली तिहेरी अ‍ॅक्सेल फसली, ती पडली. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, पाय थकलेले असताना, तिने तीच उडी पुन्हा घेतली आणि ती साधली. ऑलिंपिकमध्ये कोणाही स्त्रीने मारलेली ती पहिली तिहेरी अ‍ॅक्सेल. पदक रौप्य. त्या दुसऱ्या उडीचे चित्रण ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी ते अवश्य शोधून पाहावे.

दुसरा इल्या मालिनिन. सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिड येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने चौपट अ‍ॅक्सेल, म्हणजे साडेचार फेऱ्या, स्पर्धेत प्रथमच पूर्ण केली. त्यापूर्वी फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिकमध्ये युझुरु हान्यूने ती करून पाहिली होती. तो पडला, फेऱ्याही पूर्ण भरल्या नाहीत, आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा तो मानकरी त्या वेळी चौथा आला. चौपट अ‍ॅक्सेल कोणाची, हा प्रश्न म्हणून पडतच नाही, ती मालिनिनची.

परंतु तिहेरी अ‍ॅक्सेल आम्ही हान्यूलाच देतो. त्याचे कारण फेऱ्यांत नाही, आधीच्या व नंतरच्या पावलांत आहे. अ‍ॅक्सेल अवघड असल्याने बहुतेक पुरुष स्केटर तिच्यासाठी लांब, मोकळी वाट घेतात. खांदे स्थिर करतात, श्वास भरतात. पाहणाऱ्याला तेव्हाच कळते की आता काहीतरी येणार. संगीत तेवढ्यापुरते बाजूला उभे राहते. हान्यूने ही वाटच काढून टाकली. शोपँच्या बॅलडवरील त्याच्या छोट्या कार्यक्रमात तो एकाच पायावर उलटसुलट होणाऱ्या कठीण वळणातून थेट अ‍ॅक्सेलमध्ये शिरतो आणि उतरलेल्या पायावरच पुन्हा गिरकीसारखी वळणे घेत बाहेर पडतो. उडी कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे बोट ठेवून दाखविता येत नाही. पियानोचा स्वर आणि बर्फावर परतणारे पाते एका क्षणी येतात. २०१८ मध्ये प्योंगचांग येथे त्याने याच कार्यक्रमात १११.६८ गुण मिळविले; पण हा आकडा नसता तरी आमचे मत बदलले नसते. इतोची अ‍ॅक्सेल पाहून आपण चकित होतो, मालिनिनची पाहून मोजतो, हान्यूची पाहताना मात्र ती उडी आहे हे क्षणभर विसरतो.

साल्कोव्ह, टो लूप आणि फ्लिप यांविषयी आम्ही येथे लिहीत नाही. त्यांच्यात थोर स्केटर आहेत, परंतु निवडीसाठी भांडावे असे आम्हांला काही सापडलेले नाही. लूप ही मात्र उपेक्षित उडी आहे. युरोपात तिला अजून जर्मनीच्या वेर्नर रिटबर्गरच्या नावाने ओळखतात. दात्यांचा आधार नाही, दुसऱ्या पायाचा झोका नाही. बसल्यासारखे होऊन एकाच पायाच्या धारेवरून उठावे लागते. १९९८ मध्ये नागानो येथे तारा लिपिन्स्कीने दोन तिहेरी लूप एकीला एक जोडून मारल्या. त्या उंच नव्हत्या, लहानखुऱ्या होत्या. तथापि दुसरी लूप पहिलीच्या ठशातून उगवावी तशी उगवली, आणि ती जोडउडी आम्ही तिच्याच नावावर लावतो.

आतापर्यंत गुणपद्धतीचा उल्लेख दोनतीनदा आला, तेव्हा तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी-स्केटिंगच्या निकालावरून पंचांच्या संगनमताचे प्रकरण उघडकीस आले, दोन जोड्यांना सुवर्णपदके द्यावी लागली, आणि जुनी ‘सहा पैकी सहा’ची पद्धत मोडीत निघाली. नव्या पद्धतीत प्रत्येक अंगाला मूळ किंमत असते आणि ते कसे केले यावर पंच अधिक-उणे गुण देतात. हे गुण आरंभी तीनपर्यंत होते, २०१८ पासून पाचपर्यंत आहेत. म्हणजे आम्ही या लेखात जे करीत आहोत तेच पंचही करू लागले! आम्हांला याचा आनंद व्हावयास हवा होता. तो पूर्ण होत नाही, कारण तक्ता ज्याला किंमत देतो तेच कार्यक्रमात उरते. उत्तरार्धातील उड्यांना दहा टक्के अधिक गुण होते, तेव्हा २०१८ च्या ऑलिंपिक विजेत्या अलिना झागितोव्हाने मुक्त कार्यक्रमातील सातही उड्यांच्या जागा उत्तरार्धात ठेवल्या. नियमाप्रमाणे ते चोख होते. रचना म्हणून तो कार्यक्रम अर्धा रिकामा व अर्धा गच्च झाला. पुढे नियम बदलला आणि ही सवलत शेवटच्या तीन उड्यांपुरती राहिली.

गिरक्यांमध्ये हा परिणाम अधिक ठळक दिसतो. झुरिकच्या डेनिस बीलमानने पाठीमागून पाय डोक्यावर ओढून घेत घ्यावयाची गिरकी प्रसिद्ध केली. तशी गिरकी घेणारी ती पहिली नव्हती, पण नाव तिचे लागले, आणि ते योग्यच झाले. १९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये मुक्त स्केटिंगात पहिली येऊनही ती एकूण चौथी राहिली. पुढच्या वर्षी जगज्जेती झाली. तिच्या अंगात जी गिरकी मुळातच होती ती नव्या पद्धतीत अवघडपणाची एक पायरी म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात पडली. ज्यांची पाठ तितकी वाकत नाही त्या मुलीही पाते कसेबसे पकडून, वेग गमावून, दोन-तीन फेऱ्या पुऱ्या करू लागल्या. पाहणाऱ्याच्याच पाठीत कळ यावी!

गिरकीची खरी कसोटी दोन गोष्टींत असते: ती एका बिंदूवर राहते का, आणि आसन बदलताना वेग टिकतो का. या कसोटीवर स्वित्झर्लंडच्या स्टेफान लाम्बिएलला तोड नाही. २००५ व २००६ चा हा जगज्जेता बसक्या गिरकीतून उभा होई तेव्हा वेग वाढत असे, आणि आसनाचे प्रत्येक रूप शिल्पासारखे स्पष्ट दिसे. त्याच्याच देशाच्या लुसिंडा रू हिने २००३ मध्ये एका पायावर सलग ११५ फेऱ्यांचा विक्रम केला. तरीही आम्ही तिला लाम्बिएलच्या खाली का ठेवतो? रूची गिरकी समाधीसारखी आहे. ती चालू राहू शकते, आणि चालूच राहते. लाम्बिएलच्या गिरकीला आरंभ, चढ आणि समेवर येणे आहे. शिवाय रूने आपल्या आठवणींत या फिरण्याने मेंदूला झालेल्या इजेविषयी लिहिले आहे. ते वाचल्यावर ११५ या आकड्याकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहणे आम्हांला जमत नाही.

ज्या अंगाच्या ऱ्हासाचे आम्हांला खरे दुःख आहे ते म्हणजे स्पायरल. एक पाय मागे कमरेच्या वर उचलून, दुसऱ्या पायाच्या एकाच धारेवर दूरवर वाहत जाणे, इतकेच ते आहे. नव्या पद्धतीने प्रथम त्याला पायऱ्या लावल्या, प्रत्येक आसन तीन सेकंद धरण्याची अट घातली, पाय हाताने पकडण्याला बक्षीस दिले. आणि सारे स्पायरल सारखे दिसू लागल्यावर २०१२ च्या सुमारास सक्तीचे अंग म्हणून त्याला निरोप दिला. येथे साशा कोहेन की मिशेल क्वान, हा जुना वाद आहे. कोहेनचा पाय जवळजवळ उभ्या रेषेत जात असे. छायाचित्रात तिच्यापुढे कोणी टिकणार नाही. पण स्पायरल छायाचित्रात नसतो. क्वानचा पाय कोहेनइतका वर जात नाही, आणि तरी तिचा धार बदलणारा स्पायरल श्रेष्ठ आहे. ती पूर्ण वेगाने एका धारेवर येते, शरीराचा आकार तिळमात्र न बदलता घोट्यातून दुसऱ्या धारेवर जाते, वाट उलट वळते, आणि हात बाजूला पसरतात. त्या क्षणी प्रेक्षागृहातून जो आवाज उठे तो पायाच्या उंचीसाठी नव्हता. पाच वेळा जगज्जेती झालेल्या क्वानला ऑलिंपिक सुवर्ण मिळाले नाही. ती नव्या पद्धतीत फारशी उतरलीही नाही. त्यामुळे तिचा स्पायरल कोणत्याही पायरीवर बसविला गेला नाही, हे एका परीने बरेच झाले.

याच्या उलट कथा शिझुका अराकावाची. पश्चिम जर्मनीच्या इना बाउअरच्या नावाने ओळखली जाणारी एक चाल आहे: दोन्ही पाय बर्फावर, पावले विरुद्ध दिशांना, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, आणि स्केटर आडवा सरकत जातो. २००६ मध्ये तुरिन येथे ‘तुरांदोत’च्या संगीतावर अराकावाने ही चाल केली तेव्हा तिची पाठ मागे इतकी वाकली होती की चेहरा छताकडे होता. गुणतक्त्यात या चालीला स्वतंत्र किंमत नव्हती. तरी तिने ती ठेवली. जपानला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते एकमेव पदक, आणि तेही सुवर्ण. ‘इनाबाउआ’ हा शब्द त्या वर्षी जपानभर घरोघरी झाला. त्या चालीच्या बाबतीत दुसरे नाव सुचविणारा वाचक आम्हांला भेटलेला नाही.

जोडी-स्केटिंगातील ‘मृत्यूचे सर्पिल’, ज्यात पुरुष मध्याशी रोवलेला आणि स्त्री त्याच्या हाताला धरून बर्फालगत आडवी फिरते, ते बेलोउसोव्हा व प्रोतोपोपोव्ह या दांपत्याचेच. १९६४ व १९६८ ची सुवर्णपदके त्यांची. त्यांनी या आकृतीचे नवे प्रकार बसविले आणि त्यांना जीवन, प्रेम अशी नावे दिली. नावे थोडी भाबडी आहेत, आकृत्या नाहीत.

शेवटी धार. १९९० पर्यंत जागतिक स्पर्धांत सक्तीच्या आकृत्या असत. स्केटर बर्फावर आठाच्या आकड्यासारखी वर्तुळे कोरी, त्याच रेषेवरून पुन्हा जाई, आणि पंच वाकून ठसे तपासत. १९७२ मध्ये साप्पोरो येथे ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा या आकृत्यांच्या बळावर सुवर्णपदक घेऊन गेली. मुक्त स्केटिंगात ती सातवी होती. त्याच स्पर्धेत अमेरिकेची जॅनेट लिन मुक्त कार्यक्रमात गिरकी घेताना पडली, हसत उठली, आणि कांस्यपदकावर राहिली. जपानी प्रेक्षकांनी मात्र लिनला उचलून धरले. शुबाची वर्तुळे तेव्हाच पुसली गेली, म्हणून तिच्यावर हसण्याचा प्रघात पडला आहे. तो आम्हांला मान्य नाही. आकृती कोरण्यात ती निर्विवाद श्रेष्ठ होती, आणि प्रश्न जर अंगाचा असेल तर तिचे अंग तिला दिलेच पाहिजे.

आकृत्या गेल्यानंतरच्या पिढीत ही विद्या कॅनडाच्या पॅट्रिक चॅनकडे आली. तो पाय फारसा न मारता वेग घेतो; गुडघा खाली जातो, धार खोल होते, आणि वाट आपोआप लांबत जाते. २०१३ मध्ये लंडन, ओंटारिओ येथे तो मुक्त कार्यक्रमात दोनदा पडला, त्या कार्यक्रमात कझाकस्तानचा डेनिस टेन त्याच्या पुढे होता, आणि तरी जगज्जेतेपद चॅनलाच मिळाले. पुष्कळांनी हा अन्याय म्हटला. त्या दिवशीचे विजेतेपद टेनला मिळावयास हवे होते, असे आम्हांलाही वाटते. पण पडण्याच्या दोन जागा सोडून त्या चित्रणात फक्त चॅनचे गुडघे व घोटे पाहत गेल्यास पंचांना कशाची भुरळ पडली ते कळते, आणि धारेपुरता कौल आम्ही त्यालाच देतो.